मंडळ ही ओळखीची पेढी

वार्षिक स्मरणिकेत मंडळाचा जमाखर्च प्रसिद्ध होतो, सभासदांची नामावली येते, वर्षभरातील सत्कारसमारंभांची छायाचित्रे येतात. हे सर्व उचितच आहे. परंतु मंडळाजवळ आणखी एक ठेव आहे आणि तिची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही. ती ठेव म्हणजे सभासदांची परस्परांशी असलेली ओळख आणि त्या ओळखीच्या पोटी साठलेले धंद्याचे ज्ञान. आपल्या मुलामुलींच्या व्यवसायनिवडीच्या कामी ही ठेव कशी यावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्न निकडीचा आहे. बेळगावच्या रविवार पेठेत ज्या गाद्यांवर एके काळी आजोबा, वडील आणि नातू असे तिघे एकत्र दिसत, त्यांपैकी कित्येक गाद्यांवर आज वडील एकटेच बसलेले आढळतात. मुलगा पदवी घेऊन पुण्यास किंवा बंगळुरूस गेलेला असतो. मुलगी त्याच्याहून अधिक शिकलेली असते. त्यांनी जावे की न जावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण एक गोष्ट मनाला लागून राहते. ज्या वडिलांना विजापूरच्या ज्वारीपासून कलबुर्गीच्या तुरीपर्यंत प्रत्येक मालाचा अडत्या नावानिशी ठाऊक असतो, त्यांना आपल्या मुलाच्या नव्या व्यवसायातील एकही माणूस ठाऊक नसतो. बापाची ओळख पेठेच्या वेशीपाशी संपते आणि मुलाचा व्यवसाय तेथून पुढे सुरू होतो. हे मधले अंतर एकटा बाप भरून काढू शकत नाही. मंडळ मात्र ते भरून काढू शकते.

शहाजोग हुंडीचा धडा

ओळख म्हणजे वशिला, अशी एक समजूत अलीकडे रूढ झाली आहे. आपल्या पूर्वजांची समजूत निराळी होती. तिचा पुरावा हवा असेल तर जुन्या हुंडीकडे पाहावे. हुंडीचे अनेक प्रकार होते. धनीजोग हुंडीची रक्कम ती धारण करणाऱ्या धन्यास मिळे. शहाजोग हुंडीची रक्कम मात्र केवळ शहासच, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा प्रतिष्ठित व्यापाऱ्यासच देता येत असे. कागद घेऊन कोणी अनोळखी इसम दारात उभा राहिला, तर पेढीवाला त्यास गावातील एखाद्या माहितगार शहामार्फत येण्यास सांगे. कागद हरवला किंवा चोरीस गेला तरी रक्कम भलत्याच्या हाती पडू नये, हा त्यातील हेतू. 1881 साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हाही देशी भाषांतील अशा हुंड्यांच्या स्थानिक रूढींना त्या कायद्याने हात लावला नाही.

या व्यवस्थेचे मर्म असे की, जो शहा हुंडी वटविण्यासाठी पुढे होई, तो आपली पत तारण ठेवीत असे. ओळख देणे ही जबाबदारीची गोष्ट होती. म्हणूनच तिला किंमत होती. आज एखाद्या तरुणाची ओळख आपण दुसऱ्या सभासदाशी करून देतो, तेव्हा आपण शहाजोग हुंडीच लिहीत असतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन सुकर होईल.

मंडळे का स्थापन झाली

व्यापाऱ्यांची मंडळे ही काही स्नेहभोजनासाठी निघालेली नाहीत. मुंबईत 1836 साली बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले, ते मुख्यत्वे युरोपीय व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने. देशी व्यापाऱ्यास आपले गाऱ्हाणे मांडावयास आपले असे स्थान हवे होते, म्हणून 1907 साली इंडियन मर्चंट्स चेंबर निघाले. पुढे 1927 साली शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभे राहिले.

शेठ वालचंद यांचे चरित्र आपल्या विषयास विशेष लागू पडते. सोलापूरच्या जैन कुटुंबात 1882 साली त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा सावकारीचा व कापसाचा. त्यांचे मन त्यात रमेना. ते रेल्वेच्या बांधकामाच्या ठेक्यांकडे वळले, ते पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत. एकाजवळ भांडवल व बाजारातील पत, तर दुसऱ्याजवळ रेल्वेच्या कामाची माहिती. दोघांची जात वेगळी, घराण्याचा धंदा वेगळा. परंतु ती ओळख झाली नसती तर सोलापूरच्या पेढीवरील तरुण ठेकेदारीत गेला नसता आणि 1919 साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीपर्यंत पोहोचला असता की नाही, हे सांगणे कठीण आहे. घरच्या धंद्याबाहेरील एका ओळखीने काय घडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या समाजात क्वचितच सापडेल.

दुसरे उदाहरण आपल्याच भागातील आहे. 1899 साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली; तीच पुढे दक्षिण भारत जैन सभा म्हणून ओळखली जाऊ लागली. या सभेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथे विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे चालविली. खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा, पेठेतील दुकानदाराचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा एका पंगतीस बसू लागले. सभेच्या प्रारंभीच्या धुरीणांपैकी अण्णासाहेब लठ्ठे यांनी वकिली केली, आणि 1937 साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. बोर्डिंगातील मुलाला असे गृहस्थ जवळून पाहावयास मिळत. शेती व दुकान यांपलीकडेही मार्ग आहेत हे त्यास पुस्तकातून शिकावे लागत नसे. ते प्रत्यक्ष समोर चालतेबोलते दिसे.

उमेदवारीची जुनी रीत

आपल्या पेठेतही व्यवसायशिक्षणाची एक रीत होती. मुलगा शाळेतून बाहेर पडला की त्यास थेट बापाच्या गादीवर बसवीत नसत. एखाद्या परिचित व्यापाऱ्याच्या दुकानी तो दोन-तीन वर्षे उमेदवारी करी. तेथे तो प्रथम झाडलोट करी, मग पोती मोजी, मग पोत्यात नळी टोचून काढलेले दाणे तळहातावर पसरून त्यांतील खडा, किडका दाणा व ओल ओळखावयास शिके. त्यानंतर रोजमेळ, मग खतावणी, आणि सर्वांत शेवटी उधारी कोणास द्यावी व कोणास न द्यावी हे ज्ञान. परक्या दुकानी ठेवण्यात मोठे शहाणपण होते. बापाजवळ मुलाचे लाड होतात किंवा भांडण होते. परक्याजवळ ही दोन्ही होत नाहीत. शिवाय दुकान सोडताना मुलाच्या पदरी दोन गोष्टी पडत: हाताला कसब आणि त्या व्यापाऱ्याचा शब्द.

ही रीत आता मोडली आहे, आणि ती जशीच्या तशी परत येणार नाही. बारावीनंतरची वर्षे महाविद्यालय घेते. तथापि तिच्यातील तत्त्व जुने झालेले नाही. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यास अनुभवी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी करावीच लागते. 2023 सालच्या नव्या योजनेप्रमाणे तिची मुदत दोन वर्षांची झाली आहे. लेखापालांची अखिल भारतीय संस्था 1949 च्या कायद्याने स्थापन झाली. अभियंत्यांची संस्था 1920 पासून आहे. ओतकाम व्यवसायातील मंडळींची संस्था 1950 पासून आहे, आणि बेळगाव-कोल्हापूरकडील फाउंड्र्यांमुळे तिचे कार्य आपल्या भागास परिचित आहे. या सर्व संस्था व्याख्याने ठेवतात, कारखान्यांना भेटी घडवितात, विद्यार्थ्यांना सवलतीचे सभासदत्व देतात. म्हणजे जे आपल्या पेठेत सहज घडत असे, ते इतर व्यवसाय आज नियमपूर्वक करीत आहेत. आपणच ते सोडून बसावे, हे शोभत नाही.

एका पोत्याभोवतीचे व्यवसाय

घाऊक धान्यव्यापार म्हणजे गादी, तक्क्या आणि टेलिफोन, अशी तरुणांची कल्पना असते. ती दूर करण्यास एक पोते पुरे आहे. तुरीचे एक पोते शेतातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या घरी डाळ होऊन पोहोचेपर्यंत किती व्यावसायिकांच्या हातांखालून जाते, ते पाहावे.

बाजार समितीच्या आवारात लिलाव होतो. कर्नाटकात 2014 पासून एकीकृत बाजाराच्या संगणकीय व्यवस्थेने आणि देशात 14 एप्रिल 2016 पासून ई-नाम योजनेने या लिलावात संगणक आणला, व तो चालविणारे तंत्रज्ञ आणले. माल गोदामात गेला की 2007 च्या गोदामविषयक कायद्याचा संबंध येतो. त्या कायद्याखाली नोंदलेल्या गोदामाच्या पावतीवर बँक कर्ज देते. 2017 पासून ही पावती संगणकीय स्वरूपातही मिळू लागली. येथे गोदाम-व्यवस्थापक, धान्याची प्रत ठरविणारा परीक्षक, कीडनियंत्रक आणि बँकेचा अधिकारी आले. डाळीच्या गिरणीत यंत्रज्ञ आला. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे प्रयोगशाळेतील रसायनज्ञ आला. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधी बांधलेल्या व लेबल लावलेल्या धान्यावर व डाळीवर 5 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा करसल्लागाराचे महत्त्व प्रत्येक दुकानदारास पटले. शिवाय वाहतूकदार, विम्याचा सर्व्हेअर, वायदेबाजाराचा जाणकार, निर्यातीचे कागद करणारा, वेष्टनाचा आराखडा करणारा हे आहेतच.

यांपैकी प्रत्येक व्यावसायिक आपल्या एखाद्या तरी सभासदाच्या दुकानी महिन्यातून एकदा येतो, चहा घेतो आणि निघून जातो. त्याच वेळी त्या सभासदाचा पुतण्या वरच्या मजल्यावर बसून पुढे काय करावे या विवंचनेत असतो. जिन्याच्या दहा पायऱ्या या दोघांची भेट होऊ देत नाहीत.

दूरच्या ओळखीचे बळ

ओळखीसंबंधी एक गोष्ट मला माझ्या धाकट्या कन्येकडून समजली आणि ती मला फार उद्बोधक वाटली. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली एक निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ज्यांना ओळखीतून नवी नोकरी लागली होती, अशा लोकांना त्याने विचारले की, ज्याने तुम्हास ही बातमी दिली तो तुम्हास कितीदा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून बातमी मिळालेले शेकडा 17 च्या आसपास निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. कारण उघड आहे. आपल्या नित्याच्या मित्रास जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दुरून येते.

व्यापाऱ्यास हे नवीन नाही. आपल्या पेठेचा भाव आपणास कळतोच. नफा होतो तो दुसऱ्या पेठेचा भाव वेळेवर कळल्याने. मंडळाचे महत्त्वही येथेच आहे. मंडळाच्या सभेत भेटणारी माणसे आपली जिवलग नसतात, तशी परकीही नसतात. वर्षातून चार वेळा भेटणारा, नावाने ओळखणारा आणि वडिलांची पत जाणणारा असा हा वर्ग असतो. तरुणाच्या दृष्टीने याहून उपयुक्त वर्ग दुसरा नाही.

आमच्या बाजारातील एक हकिकत सांगतो. ऑगस्ट 2019 मध्ये बेळगाव, कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांत महापूर आला आणि अनेक गोदामांतील धान्य भिजले. विम्याचे दावे कसे मांडावे हे समजावून देण्यासाठी व्यापाऱ्यांनी एका अनुभवी सर्व्हेअरना पाचारण केले. एका अडत्याचा अभियंता झालेला मुलगा त्या वेळी नोकरीविना घरी होता. वडिलांना कागद वाचून दाखविण्यासाठी तो बैठकीस आला. खालच्या थरातील पोती भिजली आणि वरची कोरडी राहिली, तर नुकसान कसे मोजावे, हा प्रश्न त्याने विचारला. बैठक संपल्यावर सर्व्हेअरनी त्यास दुसऱ्या दिवशी गोदाम पाहावयास बरोबर नेले. त्या दिवसापासून त्यास या कामाची गोडी लागली. पुढे त्याने त्या व्यवसायाचे प्रशिक्षण घेतले, परीक्षा दिली आणि परवाना मिळविला. आज तो स्वतंत्रपणे काम करतो. त्यास कोणी नोकरी दिली नाही, कोणी शिफारसपत्र लिहिले नाही. एका बैठकीने त्यास एक व्यवसाय दाखविला, आणि त्याने विचारलेल्या एका चांगल्या प्रश्नाने त्या गृहस्थांस तो मुलगा दाखविला.

तरुणांनी कसे वागावे

यावरून तरुण मित्रांसाठी व भगिनींसाठी काही सूचना कराव्याशा वाटतात.

मोठ्या माणसाकडे प्रथम भेटीत नोकरी मागू नये. नोकरी मागितली की तो नकार देण्याच्या तयारीत बसतो. त्याऐवजी त्याच्या कामाविषयी विचारावे: आपला दिवस कसा जातो, या कामात सर्वांत कठीण भाग कोणता, आणि आज पुन्हा आरंभ करावयाचा झाल्यास आपण प्रथम काय शिकाल? हे तीन प्रश्न कोणत्याही व्यवसायातील माणसास विचारता येतात, आणि आपल्या कामाविषयी बोलावयास न आवडणारा कर्तबगार मनुष्य विरळा. जाण्यापूर्वी त्या व्यवसायाची प्राथमिक माहिती वाचून जावे. अर्धा तास मागितला असेल तर अर्ध्या तासात उठावे. घरी आल्यावर दोन ओळींचा आभाराचा निरोप धाडावा, आणि त्यांनी सुचविलेली गोष्ट केल्यावर तसे अवश्य कळवावे. सल्ला देणाऱ्यास याहून मोठी दक्षिणा नाही.

आणखी असे की, सभेत मागच्या खुर्चीवर बसून कोणाची ओळख होत नाही. ओळख कामातून होते. मंडळाच्या शिबिराचा हिशेब ठेवावा, स्मरणिकेच्या जाहिराती गोळा कराव्यात, परिसंवादाच्या पाहुण्यांस स्थानकावरून आणावे. जो मुलगा जाहिरातींचे पैसे पैन् पैचा हिशेब देऊन वेळेवर जमा करतो, त्याच्याविषयी दहा व्यापाऱ्यांचे मत आपोआप बनते. आपल्या सीमाभागात तर अशा कामाने आणखी एक लाभ होतो. मराठी, कन्नड, हिंदी व गुजराती बोलणाऱ्या घरांत जाण्याचा प्रसंग येतो, आणि ज्यास चार भाषांत नम्रपणे बोलता येते त्यास कोणत्याही शहरात अडचण पडत नाही.

मुलींच्या बाबतीत विशेष सांगावेसे वाटते. आपल्या घरांतील मुली व सुना लेखापाल, वकील, आहारतज्ज्ञ, संगणकतज्ज्ञ झालेल्या आहेत. तरीही मंडळाच्या कार्यक्रमांत त्यांच्या वाट्याला बहुधा रांगोळी आणि स्वागतगीत येते. करविषयक परिसंवादाचे व्यासपीठ त्यांच्या हाती दिल्यास सभासदांचा फायदा होईलच, शिवाय पुढील रांगेत बसलेल्या शाळकरी मुलींस आपला मार्ग दिसेल.

दोन पथ्ये

ओळखीच्या या व्यवहारास दोन पथ्ये सांभाळावी लागतील. पहिले पथ्य सत्याचे. केवळ आपल्या समाजाचा म्हणून नालायकाची भलामण करू नये. खोटी शिफारस ही खोट्या हुंडीसारखी असते. ती एकदाच वटते आणि लिहिणाऱ्याची पत कायमची घेऊन जाते. मुलगा कामाचा पण अननुभवी असेल तर तसेच सांगावे. कष्टाळू पण हिशेबात कच्चा असेल तर तेही सांगावे. अशा शब्दावर लोक विश्वास ठेवतात.

दुसरे पथ्य मर्यादेचे. व्यापारी एकत्र जमले की भाव ठरविण्याचा मोह होतो. 2002 च्या स्पर्धाविषयक कायद्याने असा संगनमताचा भाव निषिद्ध ठरविला आहे, आणि देशातील काही व्यापारी संघटनांस या कारणास्तव दंडही झाले आहेत. मंडळाने ज्ञान वाटावे, भाव बांधू नयेत. त्याचप्रमाणे मंडळाची दारे फक्त आत उघडणारी नसावीत. शेठ वालचंदांची भागीदारी स्वसमाजाबाहेरच्या गृहस्थाशी झाली होती, याचा विसर पडू देऊ नये.

मंडळाने काय करावे

शेवटी कार्यकारिणीपुढे चार सूचना ठेवतो. यांस मोठा निधी लागत नाही.

एक, सभासदांच्या यादीत दुकानाच्या नावापुढे घरातील प्रत्येक कर्त्या स्त्री-पुरुषाचा व्यवसाय, त्यांच्या संमतीने, नोंदवावा. आज आपल्या यादीत तूर, साखर, कापड ही नावे सापडतात. घरातील अभियंता व परिचारिका सापडत नाही.

दोन, दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत पंधरा दिवसांची उमेदवारी योजावी. धान्यवाल्याची मुलगी औषधवाल्याकडे, औषधवाल्याचा मुलगा फाउंड्रीत, फाउंड्रीवाल्याचा मुलगा गोदामात. कोणासही स्वतःच्या घरी ठेवू नये.

तीन, प्रत्येक उपसमितीत पंचविशीच्या आतील दोघांस घ्यावे आणि त्यांच्याकडे नावापुरते नव्हे, प्रत्यक्ष काम सोपवावे.

चार, लेखापाल, अभियंते, ओतकामवाले यांच्या स्थानिक संस्थांस वर्षातून एकदा आपल्या सभागृहात बोलवावे, आणि आपले तरुण त्यांच्या सभांस पाठवावेत.

भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने 1974-75 साली सर्व पंथांनी मान्य केलेल्या जैन प्रतीकाखाली तत्त्वार्थसूत्रातील एक वचन घातले आहे. जीव एकमेकांस उपकारक असतात, असा त्याचा आशय. हे प्रतीक आपल्या लेटरहेडवर, पत्रिकांवर आणि या स्मरणिकेवरही छापलेले असते. त्याचा अर्थ पंधरा दिवसांच्या उमेदवारीइतका साधा व्यवहारातही उतरविता येतो. येत्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी ज्या सभासदांस आपल्या दुकानी, कचेरीत किंवा कारखान्यात एका तरुणास वा तरुणीस ठेवून घेणे शक्य आहे, त्यांनी आपले नाव मंडळाच्या चिटणिसांकडे द्यावे. पहिल्या वर्षी दहा नावे आली तरी आरंभ चांगला झाला असे समजू.